डेटा लपवायचा की टिकवायचा?

कळफलक
संगणक सुरक्षेचे जे सल्ले आपल्याला मिळतात ते बहुतेक एकाच भीतीपोटी असतात, की कुणीतरी आपलं चोरेल. पासवर्ड लांब ठेवा, दोन पायऱ्यांचं लॉगिन लावा, डिस्क एन्क्रिप्ट करा (म्हणजे चावीशिवाय वाचता येणार नाही अशी करा), अनोळखी लिंक उघडू नका. सगळं बरोबरच आहे आणि मी हे सगळं करतोही. पण ओळखीपाळखीत बघतो तेव्हा चोरीला गेलेल्या डेटापेक्षा नाहीसा झालेला डेटा कितीतरी जास्त दिसतो. डिस्क चालूच होईना, फोन पाण्यात पडला आणि कोड देणारं अ‍ॅप त्यातच होतं, फोटो जिथे ठेवले ती सर्व्हिस बंद पडली, घरात एकालाच सगळे पासवर्ड माहीत होते आणि तो माणूस गेला. यात चोर कुठेच नव्हता.

आणि कुलपं जितकी भक्कम होतायत तितकं हे दुसरं संकट वाढतंय. पूर्वी लॅपटॉप बिघडला की डिस्क काढायची, दुसऱ्या मशीनला लावायची, फायली उतरवून घ्यायच्या. आता डिस्क एन्क्रिप्टेड, तिची चावी मदरबोर्डवरच्या टीपीएम चिपमध्ये, रिकव्हरी की (अडचणीत डिस्क उघडायची राखीव चावी) एका अकाउंटमध्ये, आणि त्या अकाउंटचा कोड येणार फोनवर. यातलं एक जरी हुकलं तरी डेटा समोर असून हाताला लागत नाही.

माझं मत असं की साध्या घरगुती वापरात टिकवणं आधी यावं, लपवणं नंतर. तुमचं काय? आणि नुसतं मत नको, प्रत्यक्ष काय करता तेही लिहा, कुठली गोष्ट कुठे ठेवता आणि चावी कुणाकडे असते.

रात्रपाळी
विषय फार चांगला पण 'आधी' आणि 'नंतर' याच्याशी सहमत नाही. मी याच क्षेत्रात काम करतो. चोरी आणि नाश या आता दोन वेगळ्या गोष्टी राहिल्याच नाहीत, रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) म्हणजे दोन्ही एकदम. मे 2017 मधलं वॉनाक्राय आठवा. ज्या भोकातून ते शिरलं ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिलेलं होतं, दोन महिने आधी. ज्यांनी अपडेट टाळलं त्यांच्या फायली गेल्या, आणि त्यात साधी माणसं होती, दवाखाने होते, ज्यांना वाटत होतं आमच्याकडे चोरण्यासारखं आहे काय. फायली तुमच्यासाठी मोलाच्या असल्या की पुरे, चोराला त्या मोलाच्या असाव्या लागत नाहीत.

पानगळ
माझे सगळे फोटो क्लाउडवर आपोआप चढतात, फोनवर आणि लॅपटॉपवर दोन्हीकडे दिसतात. म्हणजे तीन ठिकाणी झाले ना? मग मला काळजीचं कारण आहे का? खरंच विचारतेय, मला यातलं फार कळत नाही.

घुबड
पानगळ, नाही हो, तो बॅकअप नव्हे. ते सिंक आहे. सिंकचं कामच असं की एका ठिकाणी जे होईल ते सगळीकडे व्हावं. फोनवरून एक अल्बम उडवलात की क्लाउडवरून उडतो आणि लॅपटॉपवरूनही उडतो. रीसायकल बिनमध्ये काही दिवस राहतो, तेवढ्यात लक्षात आलं तर ठीक. आणि अकाउंटच कुलूपबंद झालं तर तिन्ही जागा एकदम बंद. तुमच्या तीन जागा म्हणजे एकाच जागेच्या तीन खिडक्या आहेत. वर्षातून काही वेळा सगळं एका साध्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा. काढून ठेवणं महत्त्वाचं, लावून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअरलाही दिसते.

तळटीप
घुबड यांना अनुमोदन. यालाच धरून 3-2-1 नावाचा नियम आहे, पीटर क्रोग या फोटोग्राफरने तो रूढ केला. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. संगणकवाल्यांनी नाही, फोटो काढणाऱ्या माणसाने हा नियम लोकांपर्यंत नेला याचं मला नवल वाटत नाही, निगेटिव्ह सांभाळणाऱ्यांना एकच प्रत असण्याची भीती पहिल्यापासून माहिती होती.

'घराबाहेर' हा भाग लोक सोडून देतात. मोठमोठे सोडून देतात. मार्च 2021 मध्ये फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळालं, तेव्हा कितीतरी वेबसाइटवाल्यांच्या लक्षात आलं की आपला बॅकअप असलाच तर त्याच आवारात होता. आणि सप्टेंबर 2025 मध्ये दक्षिण कोरियात देजॉनला सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटऱ्यांमुळे आग लागली. तिथे सरकारी कर्मचाऱ्यांच्या कामाच्या फायली ठेवण्याची जी-ड्राइव्ह नावाची व्यवस्था होती, 858 टेराबाइट, आणि तिचा बाहेर बॅकअपच नव्हता. कारण दिलं गेलं की डेटा फार मोठा आहे. मला हे कारण ऐकून फार वाईट वाटलं. लोकांनी वर्षानुवर्षं केलेलं काम होतं ते.

निवडुंग
858 टीबी बाप रे

रात्रपाळी
डिस्क काढून ठेवण्यावर एक खरी घडलेली गोष्ट. जून 2017 मध्ये नॉटपेट्या नावाचं घातक सॉफ्टवेअर पसरलं तेव्हा मर्स्क या जहाज कंपनीचं जगभरचं नेटवर्क पुसलं गेलं. कोण माणूस कोण, कुणाला कुठे प्रवेश, हे सांभाळणारे डोमेन कंट्रोलर दीडशेच्या आसपास होते आणि ते एकमेकांची प्रत ठेवायचे, म्हणजे एक गेला तर दुसरा आहे असा हिशोब. सगळे एकदम जातील हे धरलेलंच नव्हतं. वाचला फक्त एक, घानामधला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती. त्या एका मशीनवरचा डेटा माणसांच्या हातून इंग्लंडला नेला आणि त्यावरून कंपनी पुन्हा उभी केली. वायर नसलेली प्रत म्हणजे काय असतं हे मी नवीन पोरांना याच गोष्टीवरून सांगतो.

अनुस्वार
थोडं वेगळं लिहितो. फाइल टिकली, चावीही आहे, तरी वाचता येत नाही, असंही होतं आणि आपल्या भाषेत तर फार झालंय. युनिकोड (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांसाठीची एकच सामाईक सांकेतिक रचना) सर्रास वापरात येण्याआधी मराठी टाइप झालेलं सगळं कुठल्या ना कुठल्या फॉन्टच्या खाजगी सांकेतिक रचनेत आहे. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी, प्रत्येकाचं वेगळं. फाइलच्या पोटात प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, त्यावर तो ठरावीक फॉन्ट चढवला की देवनागरी दिसते. फॉन्ट गेला की उरतो नुसता गिचमिड कचरा. देवनागरी युनिकोडमध्ये 1991 च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, पण छपाईवाले आणि कार्यालयं पुढे कितीतरी वर्षं जुन्याच फॉन्टवर होती. त्या काळातले प्रबंध, दिवाळी अंकांची पानं, स्थानिक इतिहासाच्या पुस्तिका, कुणाच्या तरी डिस्कवर आजही बाइट न बाइट शाबूत असतील आणि वाचणारं कुणी नसेल.

मी जुन्या फायली युनिकोडमध्ये आणून द्यायचं काम हौसेने करतो. रूपांतर करणारी साधनं आहेत पण र्‍हस्व वेलांटी आणि रफार हमखास जागा चुकतात, कारण जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी दिसते त्या क्रमाने टाइप व्हायची आणि युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. मग माणसानेच बसून वाचावं लागतं. घरात अशा फायली असतील तर आत्ताच करा. ज्याला मूळ मजकूर आठवतोय तो माणूस आहे तोवर दुरुस्ती सोपी आहे.

जुई
अनुस्वार, हे मनापासून पटलं. वडिलांचे लेख असेच आहेत माझ्याकडे. फॉन्ट कुठला होता हेच माहीत नाही. ओळखायचा कसा?

अनुस्वार
जुई, फाइल वर्डची असेल तर मजकुरावर क्लिक केल्यावर वर फॉन्टच्या रकान्यात नाव येतं, तो फॉन्ट मशीनवर नसला तरी नाव येतं. पेजमेकरची (छपाईची पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर) असेल तर जरा कठीण. छापील प्रत असेल तर ती जपा, तिच्याशी ताडून बघता येतं. आणि काहीही करण्याआधी मूळ फाइलची प्रत काढून ती बाजूला ठेवा, रूपांतर कायम प्रतीवर करायचं. तयार झालेला मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा आणि दिसायला हवा तसा पीडीएफ-ए मध्ये. पीडीएफ-ए हा 2005 पासूनचा आयएसओ मानक प्रकार आहे, त्यात फॉन्ट फाइलच्या आतच घालावा लागतो, त्यामुळे हा प्रसंग पुन्हा यायचा नाही.

निवडुंग
हार्ड डिस्क कशाला, एसएसडी घ्या की. वेगवान, आवाज नाही, पडली तरी फुटत नाही.

तळटीप
निवडुंग, रोजच्या वापराला एसएसडीच. पण कपाटात ठेवून विसरायला नाही. एसएसडीमध्ये डेटा म्हणजे बारीक कप्प्यांत अडकवलेला विद्युतभार, आणि तो हळूहळू गळतो. जेडेक या चिप उद्योगाची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकात घरगुती वापराच्या एसएसडीकडून एवढीच अपेक्षा आहे की लिहिण्याची ठरलेली मर्यादा पूर्ण वापरून झाल्यावर वीज न देता 30 अंश सेल्सिअसला एक वर्ष डेटा राहावा. नवी, कमी वापरलेली असेल तर बरीच जास्त टिकते, त्यामुळे घाबरू नका, पण उष्णतेत ठेवलेली, झिजलेली एसएसडी पाच वर्षांनी उघडून बघण्याचा जुगार मी खेळणार नाही. पेन ड्राइव्हचं तर त्याहून वाईट, त्यात कुठल्या दर्जाचं फ्लॅश घातलंय ते कळतच नाही. चुंबकीय डिस्क, म्हणजे साधी हार्ड डिस्क, कपाटात जास्त भरवशाची, तीही वर्षाकाठी एकदा लावून फिरवावी. मोठ्या संस्था तर अजून टेप वापरतात, एलटीओ-9 च्या एका टेपवर कॉम्प्रेशन न करता 18 टीबी मावतात आणि कपाटातली टेप वीज खात नाही. घरी टेप ड्राइव्ह परवडत नाही, एवढीच अडचण.

आणि एसएसडीचं दुसरं. डिलीट केलेली फाइल हार्ड डिस्कवरून बऱ्याचदा परत काढता यायची, कारण जागा लगेच पुसली जात नाही. एसएसडीवर ट्रिम चालू असतं, डिलीट केलेल्या जागा ड्राइव्ह स्वतःच पार्श्वभूमीला पुसून टाकते. रिकव्हरीवाल्याकडे नेऊन बहुतेक वेळा काही हाती लागत नाही.

घुबड
अजून कुणी मुख्य मुद्दा काढला नाही म्हणून मी काढतो. बॅकअप घेतला हे महत्त्वाचं नाही, परत आणता आला का ते महत्त्वाचं. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅबच्या (प्रोग्रॅमर आपला कोड ठेवतात ती सर्व्हिस) एका इंजिनिअरकडून प्रत्यक्ष वापरात असलेल्या डेटाबेसची डिरेक्टरी उडाली. दुसऱ्या मशीनवर उडवायची होती, चुकून चालू मशीनवर आदेश दिला गेला. रात्री उशीर झालेला, दमलेला माणूस, कुणाच्याही हातून होईल असं. खरा धक्का पुढे बसला. बॅकअपच्या चार-पाच पद्धती होत्या आणि एकही नीट चालत नव्हती. रोजचा डंप (डेटाबेसची पूर्ण प्रत) सॉफ्टवेअरची आवृत्ती जुळत नसल्यामुळे अयशस्वी होत होता आणि तो अयशस्वी झाल्याचे ईमेलही कुणापर्यंत पोचत नव्हते. शेवटी योगायोगाने घेतलेल्या साधारण सहा तासांपूर्वीच्या स्नॅपशॉटवरून (त्या क्षणाच्या प्रतीवरून) सगळं परत आणलं, मधल्या सहा तासांचं गेलं.

मला त्या कंपनीबद्दल आदर वाटतो. त्यांनी सगळं उघड लिहिलं, दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं, आणि त्या इंजिनिअरला बळीचा बकरा केलं नाही. आमच्या क्षेत्रात ही संस्कृती फार हळूहळू आली आहे. ज्या ठिकाणी चूक कबूल केली की नोकरी जाते तिथे बॅकअप कायम 'चालू' असतो, कागदावर.

पारिजात
>> चूक कबूल केली की नोकरी जाते
हे शंभर टक्के खरं. आमच्या आधीच्या ऑफिसात रिस्टोर करून बघायला वेळ मागितला की विचारायचे, का, काही बिघडलंय का? नाही ना, मग पुढचं काम घ्या. न बिघडलेल्या गोष्टीला वेळ देणं हे काम मानतच नाहीत.

रात्रपाळी
पारिजात, म्हणूनच मला मार्च 2024 ची एक्सझेडची घटना फार महत्त्वाची वाटते. लिनक्सवर सगळीकडे असणारी फायली दाबायची ती लहानशी लायब्ररी (इतर प्रोग्रॅम वापरतात तो तयार कोड) एकटा माणूस फावल्या वेळात सांभाळत होता, थकलेला होता. कुणीतरी दोनेक वर्षं मदतनीस बनून त्याचा विश्वास मिळवला आणि आत चोरदार बसवलं. सापडलं कसं? अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला दिसलं की एसएसएच लॉगिनला (दुसऱ्या मशीनवर दुरून शिरायला) अर्धा सेकंद जास्त लागतोय. कुणी सांगितलं नव्हतं, त्याने आपणहून खोदलं. न बिघडलेल्या गोष्टीकडे बघणारा एक माणूस होता म्हणून जग वाचलं असं मी म्हणेन.

जुई
मूळ प्रश्नाकडे येते, कारण तो मला जवळचा आहे. काका अचानक गेले. काकूंना फोनचा पिन माहीत नव्हता. विम्याचे कागद ईमेलमध्ये, ईमेलचा कोड फोनवर, फोन बंद. एका कंपनीच्या ग्राहक कक्षाने मृत्यूचा दाखला मागितला, मग वारस असल्याचा पुरावा मागितला, मग सांगितलं की अकाउंट बंद करता येईल पण आतलं देता येणार नाही. त्यांचंही नियम म्हणून बरोबर असेल. पण काकूंना त्या अकाउंटमधले फोटो हवे होते, बाकी काही नको होतं. कळफलक, तुम्ही लिहिलंय ते वाचून तेच डोळ्यासमोर आलं.

सगळ्यांना हात जोडून सांगते, दोन गोष्टी आजच करा. गूगलच्या अकाउंटमध्ये इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर आहे, 2013 पासून आहे, ठरावीक महिने तुम्ही फिरकला नाहीत तर तुम्ही निवडलेल्या माणसाला निवडलेला डेटा मिळतो. आयफोनवाल्यांसाठी लेगसी कॉन्टॅक्ट (आपल्यानंतर डेटा ज्याला मिळावा तो माणूस) आहे, सेटिंगमध्ये माणूस निवडायचा आणि तयार होणारी अ‍ॅक्सेस की त्याला द्यायची. दोन्ही मिळून चहा निवायच्या आत होतं.

मावळतीचा
क्रिप्टोवाल्यांचं पण असंच झालं होतं ना. कॅनडातल्या क्वाड्रिगा एक्स्चेंजचा मालक 2018 मध्ये वारला, चाव्या एकट्याकडेच, लोकांचे पैसे अडकले कायमचे.

तळटीप
मावळतीचा, सुरुवातीला सगळ्यांनी तसंच छापलं होतं, पण तपासात वेगळंच निघालं. ऑडिट करणाऱ्यांना ती वॉलेट (क्रिप्टो ठेवायची खाती) 2019 मध्ये सापडली तर ती त्याच्या मृत्यूच्या कितीतरी महिने आधीपासून रिकामीच होती. ओंटारिओच्या रोखे आयोगाने 2020 मध्ये सरळ म्हटलं की हा घोटाळा होता. तेव्हा हे हरवलेल्या चावीचं उदाहरण नाही. पण तुमचा मुद्दा वेगळ्या अंगाने खरा आहे, चावी एकाच माणसाकडे असली की तो खरं सांगतोय का हेही कुणाला तपासता येत नाही.

कळफलक
वाचतोय सगळं, फार शिकायला मिळतंय. जुई, काकूंचं वाचून वाईट वाटलं. रात्रपाळी, तुमचा रॅन्समवेअरचा मुद्दा मान्य, 'आधी-नंतर' असं म्हणायला नको होतं असं नाही म्हणणार मी, पण ते दोन्ही एकाच कामाचे भाग आहेत हे पटतंय. मग नेमका प्रश्न असा उरतो: चावी अशी कशी ठेवायची की चोराला मिळू नये आणि घरच्यांना मिळावी?

रात्रपाळी
यावर गणितातलं फार देखणं उत्तर आहे. अदी शमीर (आरएसए या प्रसिद्ध एन्क्रिप्शन पद्धतीच्या नावातला 'एस') याने 1979 मध्ये दाखवलं की एक गुपित पाच तुकड्यांत असं वाटता येतं की कुठलेही तीन एकत्र आले तर पूर्ण मिळतं आणि दोनच असतील तर अजिबात काही कळत नाही, अर्धवट अंदाजही नाही. एक तुकडा जळाला, एक माणूस परदेशी गेला, तरी चालतं.

इंटरनेटच्या नावांची जी मूळ चावी आहे, डीएनएसची रूट की, तिच्या रिकव्हरीसाठीही असंच आहे. देशोदेशीची सात माणसं, त्यातली पाच एकत्र आली तर बॅकअप उघडता येतो. तिचा सोहळा वर्षातून काही वेळा कॅमेऱ्यासमोर होतो. आणि कळफलक, खास तुमच्यासाठी: फेब्रुवारी 2020 मध्ये कॅलिफोर्नियात तो सोहळा पुढे ढकलावा लागला, कारण तिजोरीचं कुलूपच बिघडलं आणि उघडेना. शेवटी ड्रिलने फोडलं. काही दिवसांत सोहळा पार पडला, कारण राखीव वेळ होता, कुलूप फोडायचं कसं याचीही तयारी होती. भक्कम कुलूप लावताना ते फोडायची वेळ आली तर काय करायचं हे आधी लिहून ठेवणं हाही सुरक्षेचाच भाग आहे.

पानगळ
हे घरी कोण करणार? मला तर वहीत पासवर्ड लिहिते म्हणून मुलगी रागावते.

घुबड
पानगळ, मुलीला सांगा वही ठीक आहे. मनापासून सांगतोय. जगाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या चोराला तुमची वही वाचता येत नाही. प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड वहीत असणं हे एकच पासवर्ड डोक्यात ठेवून सगळीकडे वापरण्यापेक्षा कितीतरी बरं. फक्त वही लॅपटॉपच्या बॅगेत नको, आणि घरात ज्याचा-त्याचा वावर असेल तर कुलपात. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदला म्हणणाऱ्यांकडेही लक्ष देऊ नका. अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने 2017 मध्येच ती सक्ती काढायला सांगितली, कारण लोक शेवटचा आकडा तेवढा वाढवतात. पासवर्ड फुटल्याची शंका आली की मात्र लगेच बदला.

पारिजात
आमच्या घरची पद्धत. पासवर्ड मॅनेजर (सगळे पासवर्ड एका जागी सांभाळणारं अ‍ॅप) आहे, त्याचा मुख्य पासवर्ड सहा साध्या मराठी शब्दांचा. तो कागदावर लिहून पाकिटात बंद, एक घरी, एक बहिणीकडे. दोन पायऱ्यांच्या लॉगिनचे छापील रिकव्हरी कोड त्याच पाकिटात. लॅपटॉपची बिटलॉकर (विंडोजमधलं डिस्क एन्क्रिप्ट करायचं साधन) रिकव्हरी की पण तिथेच छापून. बाहेरच्या दोन डिस्क, एक आमच्याकडे, एक तिच्याकडे, भेटलो की अदलाबदल. फोटोंच्या डिस्क एन्क्रिप्ट केलेल्या नाहीत, मुद्दाम. लग्नाचे फोटो कुणी पाहिले तर पाहू दे. आर्थिक कागद वेगळ्या छोट्या एन्क्रिप्टेड फोल्डरमध्ये.

कळफलक
पारिजात, हेच मी शोधत होतो. फोटो उघडे आणि कागद बंद, ही विभागणी सुचलीच नव्हती. एकच शंका, कोड आणि मुख्य पासवर्ड एकाच पाकिटात, म्हणजे पाकीट ज्याच्या हाती लागलं त्याला सगळं मिळालं ना?

पारिजात
हो. बहिणीवर तेवढा विश्वास आहे. तसं माणूस नसेल तर पासवर्ड एकाकडे आणि कोड दुसऱ्याकडे ठेवावे, रात्रपाळींच्या तुकड्यांसारखं नाही पण घरापुरतं चालतं. आणि पाकिटावर तारीख टाका, पासवर्ड बदलला की दोन्ही पाकिटं बदलायची हे राहून जातं.

रात्रपाळी
घरासाठी मी यात फारसं काही बदलणार नाही. एक जोडा: बहिणीला पाकीट दिलंत, पण तिने कधी त्या कागदावरून मॅनेजर उघडून बघितलाय का? तुम्ही समोर बसा, मदत करू नका, तिला करू द्या. कुठे अडते ते लिहून त्याच पाकिटात टाका.

जुई
पारिजात, पाकिटात काय काय आहे त्याची यादी टाकाल का इथे, नावं-पासवर्ड सोडून? रविवारी काकूंकडे जातेय, त्यांचं आता नव्याने बसवायचंय.

पारिजात
जुई, रात्री टाकते. तोवर त्यांच्या नव्या फोनचा पिन तेवढा कागदावर लिहून घ्या.